बोट सांगेल तशी इस्त्री

धुलाईच्या त्या दुकानात इस्त्र्या तीन होत्या, पण हुकूम एकाच बोटाचा चालायचा. बोट थोरल्याबाईंचं, उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. इस्त्री तापली की थोरल्याबाई ते तिच्या तळाला टेकवायच्या, टेकवलं न टेकवलं असं, आणि निकाल द्यायच्या. "सुती." "लोकर." "रेशीम चालेल." नाहीतर, "थांब जरा, अजून थंडगार पडलीय, ह्यांच्या डोक्यासारखी."

'ह्यांचं' म्हणजे अण्णांचं. अण्णा त्यांचे यजमान. ते मागच्या खोलीत धुलाईयंत्रांपाशी असायचे, आणि यंत्रांच्या घरघरीत आपल्याला काही ऐकूच येत नाही अशी त्यांनी गेली कित्येक वर्षं सोय लावून घेतली होती.

थोरल्याबाईंनी निकाल दिल्याशिवाय पहिल्या टेबलावर कुठल्याही कापडाला इस्त्री लागायची नाही. पहिलं टेबल म्हणजे खिडकीजवळचं, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारं. नाजूक कापडं, महागाचे कपडे, कुणाच्या तरी मोठ्या दिवसाचा पोशाख, सगळं तिथेच यायचं. तिथे थोरल्याबाईंशिवाय कुणी उभं राहायचं नाही. सूनबाईला घरात येऊन इतकी वर्षं झाली, तिच्या लेकी शाळेत जायला लागल्या, तरी ती आपली दुसऱ्या टेबलावर, चादरी नि उशांचे अभ्रे.

इस्त्रीच्या बटणावरचे आकडे केव्हाच पुसून गेले होते. सुनेनं एकदा धीर करून विचारलं, "आई, नेलपॉलिशनं खुणा करून ठेवू का? म्हणजे कुणालाही कळेल."

"कुणालाही कळायला हा काय रस्त्यावरचा पाट्या लावलेला दिवाबत्तीचा खांब आहे?" थोरल्याबाई म्हणाल्या. "आकडे बघून इस्त्री करायची असेल तर बँकेत जा. मी शाळेत चार दिवस गेले, पाचव्या दिवशी मास्तरांच्या सदऱ्याची कॉलर बघितली नि म्हटलं, ह्यांच्याकडून आपण काय शिकायचं! कापडाला आकडा कळत नाही बाई. कापडाला बोट कळतं."

विषय संपला.

तर अशा ह्या थोरल्याबाईंना साखर होती, आणि रक्तदाबही. हे त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं. मनावर घेतलं नव्हतं इतकंच. 'दुखत नाही ते दुखणं कसलं' असा त्यांचा सरळ हिशेब. डॉक्टरांनी गोळ्या तीन रंगांच्या दिल्या होत्या, त्या रोज घ्यायच्या म्हणून. थोरल्याबाईंनी त्यांना आपली शिस्त लावली. पांढरी साखरेची, ती गोड खाल्लं तर. गुलाबी दाबाची, ती अण्णांशी भांडण झालं तर. आणि पिवळी, रक्तातल्या चरबीची. आता चरबी दिसत नाही, बोलत नाही, उलट उत्तर देत नाही; तेव्हा पिवळीवर काही प्रसंगच येत नसे.

"उगाच कशाला घ्यायच्या?" त्या म्हणायच्या. "अंगात माझ्या लोखंड आहे. उकळत्या पातेल्याला मी फडकं लावत नाही, नि ही आजकालची पोरं चहाचा कप धरताना फुंकर मारतात."

त्या वर्षी मात्र एकेक गमती व्हायला लागल्या. एकदा त्या बाजारातून आल्या त्या एकाच पायात चप्पल घालून. दुसरी समोरच्या न्हाव्यानं आणून दिली. "बाई, ही तुमची चौकात राहिली. हाका मारल्या, तुम्ही आपल्या तरातरा पुढे!" थोरल्याबाईंनी चपलेकडे बघितलं, पायाकडे बघितलं आणि सारा दोष चपलेच्या माथी मारला. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना अर्ध्या जिन्यात त्या थांबायला लागल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ढग बघते. पाऊस येईल का बघायला नको?" जिन्याला खिडकी नव्हती. पण हे त्यांना सांगणार कोण?

आणि तिसरी गोष्ट, जी त्यांना खरी झोंबली. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. कापडाला सुरकुत्या राहतात म्हणे! पहिल्या टेबलावरच्या कापडाला! शिंप्यानं एक शर्ट परत पाठवला तेव्हा थोरल्याबाई दिवसभर जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, वीज पातळ झालीय. मग म्हणाल्या, इस्त्री म्हातारी झालीय. मग अण्णांकडे बघून म्हणाल्या, ह्या घरात सगळंच म्हातारं झालंय, मी सोडून.

अशात जादूगाराचा झगा आला.

जादूगार त्यांचं जुनं गिऱ्हाईक. उंच, किडकिडीत, मिशांना मेण लावणारा, आणि चारचौघांत कुणाच्याही कानातून अंडं काढून दाखवणारा. थोरल्याबाईंना तो 'मावशी' म्हणायचा. त्या संध्याकाळी शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग होता. काळा साटीनचा पायघोळ झगा, आत लाल अस्तर, मानेभोवती ताठ उभी कॉलर. सकाळी टेबलावर ठेवून गेला तेव्हा म्हणाला, "मावशी, इतकी वर्षं वाढदिवसांना नि शाळांच्या मैदानांवर काढली. आज कुठे खरा रंगमंच मिळतोय. आज ह्याच्यावर एक सुरकुती दिसता कामा नये."

"सुरकुती माझ्या तोंडावर नाही अजून," थोरल्याबाई म्हणाल्या, "तुझ्या झग्यावर कशी राहील? दुपारी ये."

इस्त्री तापली. बोट टेकवलं. "साटीन," त्यांनी निकाल दिला, आणि झगा उलगडायला वळल्या. पण कॉलर कुठेतरी अडकली, ती सोडवण्यासाठी परत मागे बघितलं, तर काय! सूनबाईचा हात बटणावर. हलकेच, सवयीनं, खाली फिरवत.

दुकानात एक क्षण सगळं थांबलं. यंत्रसुद्धा नेमकं तेव्हाच थांबलं, मेलं.

"काय करतेस?"

सूनबाईनं हात मागे घेतला.

"किती दिवस चाललंय?"

"आई... तुम्ही म्हणता त्यापेक्षा ती जास्त तापलेली असते. मागे वकिलांच्या सदऱ्याची कॉलर पिवळी पडली होती, ती मी परत धुऊन काढली. तेव्हापासून मी जरा..."

"जरा!" थोरल्याबाईंचा आवाज रस्त्यापलीकडे न्हाव्याच्या दुकानात गेला, तिथे एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी राहिली. "म्हणजे सुरकुत्या तुझ्यामुळे! मी विजेला शिव्या देतेय, इस्त्रीला देतेय, आणि चोर माझ्याच घरात! काखेत कळसा नि गावाला वळसा! माझ्या बोटावर पाळत ठेवतेस? ह्या बोटानं तुझ्या नवऱ्याला जेवू घातलं, चालायला शिकवलं, वेळेला कानही पिळला!"

"आई, बोट..."

"बोट बोट करू नकोस." त्यांनी बटण पकडलं आणि सुनेच्या डोळ्यांत डोळे घालून वर फिरवलं. जेवढं फिरेल तेवढं. थोडं थांबल्या. मग सगळ्यांना दिसेल असं बोट इस्त्रीच्या तळाला टेकवलं. आणि टेकवून ठेवलं. "हे बघ! कोमट. कोमट आहे नुसती. तुम्हा लोकांना गरम कशाला म्हणतात हेच ठाऊक नाही."

आणि झग्यावर इस्त्री ठेवली.

साटीन काही बोललं नाही. नुसतं आक्रसलं, चिकटलं, आणि त्याचा धूर निघाला. थोरल्याबाईंनी इस्त्री उचलली तेव्हा झग्याच्या पाठीवर खाली, घेराच्या जवळ, इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलेलं होतं. नाक, गाल, सगळं नीट. भोकातून टेबलावरचं पांढरं पांघरूण दिसत होतं.

अण्णा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी झग्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि बंद पडलेल्या यंत्राकडे आशेनं बघितलं.

नेमका तेव्हाच जादूगार आला. लवकर आला होता. आनंदात माणूस लवकरच येतो. दारातच थबकला.

"अरे देवा," तो म्हणाला. "हे कुणी केलं?"

थोरल्याबाईंनी तोंड उघडलं. 'हिनं' हा शब्द ओठावर आला होता. सूनबाई मान खाली घालून उभी होती. त्या तसं म्हणाल्या असत्या तरी तिनं ती वर केली नसती, हेही त्यांना कळलं. आणि कुणास ठाऊक का, तो शब्द त्यांच्याच्यानं बाहेर काढवेना.

पण जादूगाराचं लक्ष झग्यावर नव्हतंच. तो त्यांच्या हाताकडे बघत होता.

"मावशी, बोट भाजलंय तुमचं."

थोरल्याबाईंनी बोट वर धरलं. टोकाशी हा एवढा पांढरा फोड टरारला होता. त्या त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, जसं काही ते बोट दुसऱ्याच कुणाचं चुकून धुलाईला आलंय.

"दुखत नाही?" जादूगारानं विचारलं.

"दुखायला काय झालंय?"

"कमाल आहे. मी रंगमंचावर जळत्या मशालीवर हात धरतो नि न भाजल्याचं नाटक करतो. लोक टाळ्या देतात. तुम्ही फुकटच करताय." पण तो हसला नाही. थंड पाण्याच्या नळाखाली त्यानं त्यांचं बोट धरलं, बराच वेळ. हात पुसून खिशातला मोठा रुमाल काढला आणि त्यांच्या दोन्ही हातांवर पांघरला. "आता एक गंमत करू. डोळे मिटा. मी रुमालाखाली एका बोटाला हात लावणार. कुठलं ते तुम्ही सांगायचं."

"एवढं सोपं? तुझ्यापेक्षा न्हावी बरी जादू करतो. डोकं भरून केस घेऊन जातो नि चकचकीत टक्कल परत देतो."

"मिटा तर."

थोरल्याबाईंनी डोळे मिटले. वाट बघितली. अजून बघितली. मग म्हणाल्या, "लाव की रे! का मी उभ्याउभ्या झोपू?"

कुणी बोललं नाही.

"लावतोस का नाही?"

"लावलाय, मावशी," जादूगार हळूच म्हणाला. "केव्हाचा."

त्यांनी डोळे उघडले. रुमाल बाजूला होता. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक त्यानं चांगलं चिमटीत धरलं होतं. नख पांढरं पडलं होतं.

आधी हसली ती सूनबाई, घाबरून. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या पायाचं असंच झालं होतं," जादूगार टेबलाच्या कडेवर बसत म्हणाला. "मलाही साखर आहे. मोजडीत टाचणी शिरली आणि मी पूर्ण प्रयोग नाचून काढला. पडद्यामागे मोजा काढला तेव्हा लाल. मला वाटलं, झग्यातलं कबुतर मेलं की काय! मावशी, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा."

"आणि झगा?" थोरल्याबाईंनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण धुऊन जरा आटलेला. "भोक मी पाडलंय. हिनं नाही."

हे वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं, ते त्यांनाच माहीत. अण्णांनी भिंतीचा आधार घेतला.

जादूगारानं झगा अंगावर चढवला, आरशासमोर एक गिरकी घेतली. "पाठीवर आहे ना? मग काय बिघडलं! जादूगार प्रेक्षकांना पाठ कधी दाखवत नाही. पाठीमागेच तर सगळं असतं."

दुसऱ्या दिवशी सूनबाई त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण थोरल्याबाईंच्या तोंडाला पुरून उरतील अशा. त्यांनी एक दोन पायांचा चिमटा टेबलावर आपटला आणि तो झणझणत पायाच्या अंगठ्यावर ठेवला.

"झणझण कळते?"

"बंद पडलाय तो तुमचा चिमटा."

डॉक्टरीणबाईंनी तोच चिमटा कपाळावर ठेवला. थोरल्याबाई खुर्चीत उडाल्या.

"गोळ्या कशा घेता?"

थोरल्याबाईंनी आपली शिस्त सांगितली. पांढरी, गुलाबी. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "आणि पिवळी?"

"तिचा काही योग आला नाही."

"आणि हे भांडण, ते किती वेळा होतं?"

"पूर्वी रोज व्हायचं. आता ह्यांना ऐकू येत नाही, मग दाब तरी कसा वाढणार?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. "आजी, दुखणं म्हणजे दारावरचा राखणदार. आत काही गडबड झाली की तो ओरडतो. तुमच्या साखरेनं त्याला झोपवलंय. बोटातल्याला, पायातल्याला. छातीतलाही झोपला असेल तर? एखाद्याचं हृदय कुरकुरलं की छातीत कळ येते, तो माणूस धावत डॉक्टरकडे येतो. तुमच्यासारख्यांना कळ येईलच असं नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, थकवा येतो. जिना चढताना थांबायला लागतं का?"

"आई ढग बघतात," सूनबाई म्हणाली.

थोरल्याबाईंनी सुनेकडे बघितलं. एरवी त्या नजरेनं सुनेच्या हातचा अभ्रा खाली पडायचा. आज सूनबाई हलली नाही.

"वाफेनं होतं ते," थोरल्याबाई पुटपुटल्या.

छातीला तारा लावून आलेख काढला. मग एका फिरत्या पट्ट्यावर चालवलं. "हा काय रस्ता झाला?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "इतकं चालले तरी समोर तोच बाबा उभा!" तो बाबा म्हणजे यंत्र चालवणारा, तो इतका हसला की डॉक्टरीणबाईंना त्याला दटावावं लागलं. सगळं बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "झटका येऊन गेलेला नाही, हे उत्तम. पण दम वाफेचा नाही. हृदयाला रक्त थोडं कमी पडायला लागलंय. आत्ता आलात म्हणून आत्ताच आवरता येईल. तिन्ही गोळ्या रोज. दुखो न दुखो, भांडा न भांडा. एक नवी देतेय, तीही. मीठ कमी. रोज संध्याकाळी चालायचं, आधी हळूहळू. चालताना दम वाढला, घाम फुटला तर तिथेच थांबायचं आणि मला कळवायचं. पाय रोज कुणाकडून तरी बघून घ्यायचे. डोळेही तपासून घ्या."

"जीभ राहिली."

"ती शाबूत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि बोटानं इस्त्री तपासणं बंद. कायमचं."

थोरल्याबाईंनी ते बोट पदराखाली घेतलं.

घरी येताना रिक्षातही त्यांनी ते बाहेर काढलं नाही. सूनबाईला भीती हृदयाची वाटत होती. थोरल्याबाईंना ती नव्हती. मरण काय, एक दिवस सगळ्यांचंच धुणं वाळणार. पण पहिल्या टेबलापाशी उभं राहायचं आणि इस्त्री गरम की गार हे कळायचं नाही? मग आपण त्या टेबलाशी कोण? टेबलाचा चौथा पाय? खिडकीतून बघणाऱ्याला काय, बाई उभी आहे एवढंच दिसणार. त्यांना मात्र कळणार की तिथे कुणी नाही.

पुढचे आठवडे त्यांनी गोळ्या घेतल्या, तोंड वाकडं करून, पण रोज. अण्णांनी त्यांचे पाय बघायचं काम घेतलं. चष्मा लावून तळवे असे बघायचे जसं काही डाग शोधताहेत. "इथे काय लिहिलंय का?" थोरल्याबाई खेकसायच्या. "लिहिलंय ना," अण्णा म्हणायचे, "आतला माल नाजूक, जपून वापरा." त्यांना हल्ली ऐकू येऊ लागलं होतं.

पण पहिलं टेबल रिकामंच. नाजूक कपडे सूनबाई दुसऱ्या टेबलावर करायची, लपून केल्यासारखे. पहिल्यापाशी जायची तिची छाती होत नव्हती, आणि थोरल्याबाई काही 'जा' म्हणत नव्हत्या. दिवसभर तिसऱ्या टेबलाशी मोज्यांच्या जोड्या लावत बसायच्या आणि रिकाम्या खिडकीकडे बघायच्या नाहीत.

मग एका संध्याकाळी जादूगार नवा झगा घेऊन आला. नाट्यगृहवाल्यांनी त्याला पुन्हा बोलावलं होतं. ह्या खेपेला साटीन गर्द निळं, इतकं झुळझुळीत की हातात ठरेना. त्यानं तो थेट पहिल्या टेबलावर ठेवला.

"हे मावशीच करणार," तो म्हणाला.

"तुला एका भोकानं भागलं नाही वाटतं?" थोरल्याबाई म्हणाल्या.

"मावशीच करणार," त्यानं परत म्हटलं आणि बाकावर जाऊन बसला. हट्टी मेला.

थोरल्याबाई उठल्या. पहिल्या टेबलाशी गेल्या. इस्त्री लावली. ती तापत होती आणि दुकानात सगळ्यांचा श्वास तिच्याबरोबर तापत होता. त्यांचं बोट आपोआप वर गेलं. हवेतच राहिलं. मग त्यांनी ते मुठीत मिटून घेतलं.

"ए सूनबाई, इकडे ये."

सूनबाई आली.

"बोट लाव."

"मी?"

"नाही, जादूगाराचं कबुतर. लाव म्हटलं ना! नुसतं टेकव. माझ्यासारखं चिकटवून बसू नकोस."

सूनबाईनं बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. "आई, फार आहे. साटीनला नाही चालायची."

थोरल्याबाईंना वाटलं होतं की कोमट असेल. अगदी खात्रीनं वाटलं होतं. बटण त्यांच्या हातापासून एका विती‌वर होतं. त्यांनी सुनेच्या लाल झालेल्या बोटाकडे बघितलं.

"मग खाली कर," त्या म्हणाल्या. "आणि आपण थांबू."

थांबल्या. बाहेर न्हाव्यानं दुकानाची फळी लावली. अण्णा दारात येऊन उभे राहिले. सूनबाईनं परत बोट टेकवलं, मान हलवली, अजून नाही. परत टेकवलं. "आता."

थोरल्याबाईंनी कापड उलटं केलं, वर पातळ फडकं पसरलं, आणि घेरापासून सुरुवात केली. हात तोच होता. साटीनवरून इस्त्री अशी गेली जशी तळ्यावरून होडी. अर्धा झगा झाला तेव्हा निळा रंग खिडकीच्या काचेत उतरला होता.

"आई," सूनबाई म्हणाली, "तुमची चालायची वेळ झाली."

"कापड अर्धं आहे."

"हो," सूनबाई म्हणाली. एवढंच. पण टेबलापासून हलली नाही.

थोरल्याबाई इस्त्री हातात धरून उभ्या राहिल्या. आजवर ह्या टेबलावरचं काम अर्धं टाकून त्या कधी हलल्या नव्हत्या. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हाही आधी बाही पूर्ण केली होती. मग त्यांनी इस्त्री उभी केली, आणि तिची मूठ सुनेच्या हातात दिली.

"कॉलर आधी आतून," त्या म्हणाल्या. "अस्तर ओढू नकोस. नि घाई केलीस तर याद राख."

"चला मावशी, मीही येतो," जादूगार उठला. "मलाही चालायला सांगितलंय. कुणी सोबत असलं की साखर जरा घाबरून असते."

अण्णाही गडबडीनं दार ओढून घेत मागोमाग निघाले. बायको जादूगाराबरोबर फिरायला जाते म्हणजे गायब होण्याची भीती होतीच.

खिडकीसमोरून जाताना थोरल्याबाईंनी आत बघितलं. पहिल्या टेबलाशी सूनबाई उभी होती, ओठ घट्ट मिटून, कॉलर आतून घेत. बरोबर घेत होती. थोरल्याबाई बघत राहिल्या, आणि चक्क काही बोलल्या नाहीत. चार पावलं पुढे गेल्या. मग मात्र राहवेना. मागे वळून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"आणि उद्यापासून पहिल्या टेबलावर तूच उभी राहा गं! मी बाजूला खुर्ची टाकून बसणार आहे. चुकलीस तर बघ!"